अमूर्त मालमत्ता ताळेबंदात दिसते कुठे आणि लपते कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वार्षिक अहवाल वाचणारे भागधारक, सीएचे विद्यार्थी आणि छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे मालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि मोठ्या कंपन्यांना इंड एएस ३८ हे लेखामानक (हिशेब मांडण्याचे नियम) लागू होतं, बाकीच्या कंपन्या जुन्या एएस २६ वर चालतात. दोन्हींचा गाभा बराच सारखा आहे. फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

अमूर्त मालमत्ता म्हणजे नेमकं काय?

हाताला लागत नाही, पण वेगळी ओळखता येते, कंपनीच्या ताब्यात असते आणि पुढे पैसा मिळवून देईल अशी अपेक्षा असते, ती अमूर्त मालमत्ता. पेटंट, ट्रेडमार्क, कॉपीराइट, सॉफ्टवेअर, दूरसंचार कंपन्यांचं स्पेक्ट्रम, वेगवेगळे परवाने हे सगळं यात येतं.

कधीकधी ती अगदी डोळ्यांसमोर असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं उदाहरण घ्या. २०२० मध्ये आयआरबी इन्फ्रास्ट्रक्चरने राज्य सरकारच्या रस्ते विकास महामंडळाला (एमएसआरडीसी) एकूण ८,२६२ कोटी रुपये द्यायचं कबूल करून २०३० पर्यंत टोल वसूल करण्याचा हक्क मिळवला. रस्ता सरकारचा, कंपनीचा नव्हे. कंपनीचा आहे तो फक्त हक्क. म्हणून खंडाळ्याच्या घाटात ट्रक रांगेत उभे असले तरी हिशेबाच्या पुस्तकात हा सगळा व्यवहार अमूर्त मालमत्ता म्हणूनच नोंदला जातो.

व्याख्येतला सगळ्यात कडक शब्द आहे ‘ताबा’. कंपनीला मोलाच्या वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टी तिथेच गळतात. प्रशिक्षित कर्मचारी उद्या राजीनामा देऊ शकतो, निष्ठावान ग्राहक उद्या दुसरा साबण घेऊ शकतो. ताबा नाही, म्हणून मालमत्ता नाही.

मग नावाजलेल्या कंपनीचा स्वतःचा ब्रँड ताळेबंदात का नसतो?

कारण नियमच तसा आहे. कंपनीने स्वतः घडवलेले ब्रँड, वृत्तपत्रांची शीर्षकं, ग्राहकांच्या याद्या आणि स्वतःचं गुडविल मालमत्ता म्हणून दाखवायला स्पष्ट मनाई आहे. त्यामागचं कारण असं की जाहिरातीवर खर्च केलेल्या रुपयातून ब्रँड किती घडला आणि धंदा एकूण चालवण्यात किती गेला, हे वेगळं काढता येत नाही.

विकत घेतलेला ब्रँड मात्र दाखवावाच लागतो, कारण तिथे किंमत मोजलेली असते.

या दोन वाक्यांतून किती विचित्र चित्र तयार होतं, ते हिंदुस्तान युनिलिव्हरच्या ताळेबंदात दिसतं. लाइफबॉय भारतात १८९५ पासून आहे, लक्सही आजीच्या काळापासून घराघरांत आहे. ताळेबंदात त्यांची किंमत जवळपास शून्य. २०१५ मध्ये ३३० कोटींना घेतलेला इंदुलेखा हा केसांच्या तेलाचा ब्रँड मात्र तिथे ठळक आहे. नवखा वाचक हे आकडे बघून इंदुलेखा हा लाइफबॉयपेक्षा मोठा ब्रँड समजला, तर त्यात त्याचा दोष नाही.

हॉर्लिक्सच्या व्यवहाराचं उदाहरण सगळे का देतात?

कारण एकाच व्यवहारात जवळपास सगळे मुद्दे आहेत.

डिसेंबर २०१८ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने हॉर्लिक्स विकणारी जीएसके कन्झ्युमर हेल्थकेअर ही कंपनी विलीन करून घ्यायचं जाहीर केलं. मोबदला रोखीत नव्हता. जीएसकेच्या एका शेअरमागे युनिलिव्हरचे ४.३९ शेअर असं प्रमाण ठरलं. जाहीर झालं तेव्हा या व्यवहाराची किंमत ३१,७०० कोटी सांगितली गेली. विलीनीकरण प्रत्यक्षात आलं १ एप्रिल २०२० ला. मधल्या काळात युनिलिव्हरचा शेअर वर गेला होता आणि लेखामानक सांगतं की मोबदला मोजायचा तो व्यवहार पूर्ण होण्याच्या दिवशीच्या भावाने. त्यामुळे पुस्तकात मोबदला आला ४० हजार कोटींच्या पुढे.

हॉर्लिक्स तेच, कारखाने तेच, विक्रेते तेच. वाढला तो खरेदीदाराच्याच शेअरचा भाव. पण त्या वाढीचा भार जाऊन बसला गुडविलमध्ये, कारण गुडविल म्हणजे हिशेबात उरलेली बाकी. दिलेल्या मोबदल्यातून ओळखता येणाऱ्या सगळ्या मालमत्तांची वाजवी किंमत वजा करा, देणी त्यात परत मिळवा, उरेल ते गुडविल. इथे ते १७ हजार कोटींच्या वर गेलं.

आणखी एक गंमत. भारतातल्या हॉर्लिक्स नावाची मालकी त्या भारतीय कंपनीकडे नव्हतीच, ती जीएसकेच्या परदेशी मूळ कंपनीकडे होती. ते नाव युनिलिव्हरने वेगळे ३,०४५ कोटी रुपये देऊन घेतलं.

म्हणजे गुडविल आणि ब्रँड एकच नाही?

नाही. ब्रँड वेगळा ओळखता येतो, वेगळा विकता येतो. गुडविल ही बेरीज-वजाबाकीची बाकी आहे. तिच्यात चांगली माणसं, दोन धंदे एकत्र आल्यावर होणारी अपेक्षित बचत आणि घासाघीस न जमल्यामुळे जास्त दिले गेलेले पैसे हे सगळं मिसळलेलं असतं. यातलं किती काय हे कुठलीच कंपनी सांगत नाही. शेवटच्या घटकाबद्दल तर कोणी अवाक्षर काढत नाही.

जाणकारांकडून किंमत काढून स्वतःचा ब्रँड दाखवायला काय हरकत आहे?

हा प्रयोग झालेला आहे. १९८८ मध्ये ब्रिटनमधल्या रँक्स होव्हिस मॅकडूगल या खाद्यपदार्थ कंपनीवर ताबा मिळवण्याचा प्रयत्न झाला. तो परतवून लावताना भागधारकांना आपली खरी किंमत पटवायची गरज कंपनीला वाटली आणि तिने स्वतःच्या ब्रँडची ६७.८ कोटी पौंड किंमत ताळेबंदात घातली. खूप वाद झाला. दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, आंतरराष्ट्रीय मानक आयएएस ३८ (आपल्या इंड एएस ३८ चं मूळ) आलं आणि त्याने हा दरवाजा बंद केला.

तो बंद होता हे बरंच, असं मला किंगफिशर एअरलाइन्समुळे वाटतं. बँकांनी कर्ज देताना त्या विमान कंपनीचा ब्रँड तारण म्हणून धरला होता, तोही ४ हजार कोटींपेक्षा जास्त मूल्यांकनावर. विमानं जमिनीवर आली आणि पगार थकले. एप्रिल २०१६ मध्ये बँकांनी त्याच नावाचा आणि बोधचिन्हांचा लिलाव पुकारला तेव्हा राखीव किंमत होती ३६६.७० कोटी. एकही बोली आली नाही.

मूल्यांकन करणाऱ्यांनी सूत्र चुकीचं वापरलं असेल असं नाही. सूत्रात भविष्यातल्या विक्रीचा अंदाज घालावा लागतो आणि तो अंदाज देतं कंपनीचंच व्यवस्थापन. विक्री थांबली की ब्रँडची किंमतही त्याच दिवशी थांबते. घरातलं सोनं विकायला काढलं की काही ना काही येतंच. बंद पडलेल्या विमान कंपनीच्या नावाचं तसं नसतं.

संशोधनावरचा खर्च मालमत्ता धरता येतो का?

संशोधनावरचा नाही, विकासावरचा धरता येतो, तोही अटींवर. नवं काही सापडतं का हे शोधण्याचा टप्पा म्हणजे संशोधन. तो खर्च त्याच वर्षी नफा-तोटा पत्रकात जातो. सापडलेल्या गोष्टीचं विकता येईल असं उत्पादन करण्याचा टप्पा म्हणजे विकास. तिथे सहा गोष्टी दाखवाव्या लागतात: काम तांत्रिकदृष्ट्या पूर्ण होऊ शकतं, ते पूर्ण करण्याचा इरादा आहे, तयार झालेली गोष्ट वापरता किंवा विकता येईल, तिच्यातून पैसा येईल, त्यासाठी लागणारं बळ कंपनीकडे आहे आणि खर्च नीट मोजता येतो. सहाही पूर्ण झाल्या तर तो खर्च मालमत्ता धरावाच लागतो, तिथे मर्जी चालत नाही. निदान कागदावर तरी.

प्रत्यक्षात या सहा अटी कधी पूर्ण झाल्या हे व्यवस्थापनच ठरवतं आणि म्हणून धंद्याधंद्यात फरक पडतो. औषध कंपन्या साधारणपणे सावध असतात. सरकारी मंजुरी मिळेपर्यंत काही खरं नाही, असं म्हणून बहुतांश खर्च त्याच वर्षी काढून टाकतात. मोटार कंपन्यांची रीत उलटी आहे. नव्या मॉडेलचं काम ठरलं की त्यावरचा अभियांत्रिकी खर्च मोठ्या प्रमाणात मालमत्तेत जातो.

अमेरिकेत तर अशी वाटणीच नाही. १९७४ पासून तिथे संशोधन आणि विकास दोन्ही खर्चात जातात, सॉफ्टवेअरसारखे काही अपवाद सोडून. त्यामुळे डेट्रॉइटची आणि मुंबईची मोटार कंपनी यांचे नफे शेजारी ठेवून तुलना करताना आधी ही तळटीप वाचावी.

विकासखर्च मालमत्ता धरला तर नफ्यात किती फरक पडतो?

पुण्यातली एक काल्पनिक सॉफ्टवेअर कंपनी घेऊ. विक्री १० कोटी, डेव्हलपरांचे पगार ६ कोटी, बाकी खर्च ५ कोटी. सगळं खर्चात टाकलं तर १ कोटी तोटा. पगारांपैकी ४ कोटी नव्या उत्पादनाच्या विकासाचे म्हणून मालमत्तेत टाकले तर ३ कोटी नफा. बँकेतली शिल्लक दोन्हीकडे तीच.

पुढे उत्पादन वापराला तयार झालं की ते ४ कोटी, आयुष्य पाच वर्षं धरलं तर, वर्षाला ८० लाख याप्रमाणे खर्चात येतात. पण ज्याला एबिटा म्हणतात त्या आकड्यात ते ८० लाखही दिसत नाहीत, कारण तो आकडा घसारा आणि अमॉर्टायझेशन (अमूर्त मालमत्तेचा घसारा) वजा करण्यापूर्वीचा असतो. म्हणजे एबिटाच्या चष्म्यातून पाहिलं तर हे ४ कोटी ना आज खर्च झाले, ना पुढे कधी होणार. रोख प्रवाह पत्रकातही ते रोजच्या व्यवसायातून उचलले जाऊन गुंतवणुकीच्या रकान्यात जातात.

हे बेकायदा नाही. अटी खरोखर पूर्ण असतील तर हेच बरोबर आहे. मात्र कंपनी एबिटावर बढाई मारत असेल, तर गुंतवणुकीच्या रकान्यातला हा आकडा शोधून मनातल्या मनात वजा करून पाहावा.

चूक झाली तर ती कधी उघड होते?

बहुधा उशिरा आणि एकदम. पुस्तकातली किंमत पुढच्या कमाईने भरून निघणार नाही असं दिसलं की फरक तोट्यात टाकावा लागतो. त्याला इम्पेअरमेंट म्हणतात. गुडविल, अमर्याद आयुष्याच्या मालमत्ता आणि अजून तयार न झालेल्या अमूर्त मालमत्ता यांची ही तपासणी दरवर्षी सक्तीची आहे.

टाटा मोटर्सचं डिसेंबर २०१८ ला संपलेलं तिमाही आठवून पाहा. चीनमधली विक्री घसरली, डिझेल गाड्यांवर युरोपात संक्रांत आली आणि तिच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरने ३.१ अब्ज पौंडांची मालमत्ता एका फटक्यात कमी केली. त्यात यंत्रसामग्री होती आणि वर्षानुवर्षं साठवलेला विकासखर्चही होता. टाटा मोटर्सचा तिमाही तोटा सुमारे २७ हजार कोटींवर गेला. भारतीय कंपनीने तोवर एवढा मोठा तोटा एका तिमाहीत दाखवला नव्हता. रोख पैसा त्या दिवशी कुठेच गेला नव्हता, तो आधीच्या वर्षांत गेला होता.

मुंबईच्या ल्युपिनने २०१६ मध्ये गॅव्हिस ही अमेरिकी औषध कंपनी ८८ कोटी डॉलरला घेतली. अमेरिकेत जेनेरिक औषधांचे भाव पडले आणि दोनच वर्षांत, मार्च २०१८ च्या तिमाहीत, त्या खरेदीतल्या अमूर्त मालमत्तेपैकी १,४६४ कोटी रुपये तोट्यात टाकावे लागले. क्राफ्ट हाइन्झ या अमेरिकी खाद्यपदार्थ कंपनीने फेब्रुवारी २०१९ मध्ये १५.४ अब्ज डॉलर असेच कमी केले, तेव्हा तिचा शेअर एका दिवसात पावाहून जास्त पडला.

गुंतवणूकदारांची एक तक्रार मला योग्य वाटते. इम्पेअरमेंट जाहीर होईपर्यंत बाजाराला बहुधा सगळं कळलेलं असतं, पुस्तकं फक्त मागून येतात.

अमूर्त मालमत्तेचं आयुष्य कोण ठरवतं?

कंपनी ठरवते, ऑडिटर तपासतो. कायदेशीर मुदत असेल तर त्याहून जास्त धरता येत नाही. वीस वर्षांचं स्पेक्ट्रम वीस वर्षांत संपवावं लागतं. जुन्या एएस २६ मध्ये आयुष्य दहा वर्षांहून जास्त नसेल असं गृहीतक आहे, वेगळं धरायचं तर पुरावा द्यावा लागतो. इंड एएसमध्ये अशी मर्यादा नाही, तिथे आयुष्य ‘अमर्याद’ही धरता येतं. हॉर्लिक्ससारखा ब्रँड त्यात येतो, मग त्यावर दरवर्षी काही कापलं जात नाही, फक्त तपासणी होते.

टोल रस्त्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. सुरुवातीला वाहनं कमी असतात, पुढे वाढतात, म्हणून कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाने उत्पन्नाच्या प्रमाणात किंमत कमी करण्याची सवलत दिली. आंतरराष्ट्रीय मानकाने २०१४ मध्ये नेमकी या पद्धतीवर नाराजी दाखवली आणि ती अपवादातच ठेवली. याचा तपशील फक्त रस्तेबांधणीतल्या लोकांच्या कामाचा आहे, म्हणून इथे थांबतो.

माणसांची किंमत दाखवण्याचा प्रयत्न कोणी केला होता का?

इन्फोसिसने केला होता. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली ही कंपनी नव्वदच्या दशकापासून बरीच वर्षं आपल्या वार्षिक अहवालात मनुष्यबळाचं मूल्य आणि ब्रँडचं मूल्य स्वतंत्र तक्त्यांत देत असे. मनुष्यबळासाठी लेव्ह आणि श्वार्ट्झ यांनी १९७१ मध्ये मांडलेली पद्धत होती: कर्मचाऱ्याची पुढची सगळी कमाई आजच्या किमतीत आणून बेरीज करायची.

त्या पद्धतीत पगार वाढला की माणसाची ‘किंमत’ वाढते, मग तो काम करो वा न करो. तरीही मला तो प्रयत्न आवडतो, एका कारणासाठी. हे आकडे मुख्य ताळेबंदात मिसळलेले नव्हते. शेजारी, वेगळे, गृहीतकांसह दिलेले होते. ज्याला पटेल त्याने घ्यावेत.

क्लाउडवरचं सॉफ्टवेअर कोणाची मालमत्ता?

भाड्याने वापरत असाल तर तुमची नाही. वर्गणी हा सरळ खर्च. ते सॉफ्टवेअर आपल्या कंपनीला जुळवून घेण्यासाठी सल्लागाराला दिलेले पैसेसुद्धा बहुतेक वेळा खर्चातच जातात, कारण ज्यावर काम झालं ते सॉफ्टवेअर तुमच्या ताब्यात नाही. २०२१ मध्ये लेखामानकांचा अर्थ लावून देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने हे स्पष्ट केलं आणि अनेक कंपन्यांना आधी मालमत्तेत टाकलेल्या रकमा बाहेर काढाव्या लागल्या.

बिटकॉइन?

विक्रीसाठी साठा म्हणून ठेवलं असेल तर माल, नाहीतर अमूर्त मालमत्ता. रोख रक्कम नाही.

प्राप्तिकरात यावर घसारा मिळतो का?

पेटंट, ट्रेडमार्क, कॉपीराइट, परवाने, तांत्रिक ज्ञान यांवर २५ टक्के मिळतो. गुडविलवर आता नाही. २०१२ मध्ये स्मिफ्स सिक्युरिटीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुडविलवर घसारा मान्य केला होता आणि त्यानंतर विलीनीकरणाच्या अनेक योजनांचं गणित त्यावर बसवलं गेलं. २०२१ च्या वित्त कायद्याने तो काढून घेतला. त्यामुळे मोबदल्यातला किती भाग ट्रेडमार्कचा आणि किती गुडविलचा, यावर आता पूर्वीपेक्षा जास्त वाद होतात.

नियम बदलायला हवेत का?

आंतरराष्ट्रीय मानक मंडळाने एप्रिल २०२४ मध्ये आयएएस ३८ चा सगळाच आढावा घ्यायला सुरुवात केली आहे. तिकडे बदल झाला की आपल्या इंड एएसमध्येही तो येतोच.

माझं मत विचाराल तर ताळेबंदात आणखी ब्रँड घुसवण्याची गरज नाही. कंपनीची किंमत सांगणं हे ताळेबंदाचं काम कधीच नव्हतं, ते बाजार करतो. खरी उणीव नफा-तोटा पत्रकात आहे. दुकान चालू ठेवायला लागणारा खर्च आणि पाच वर्षांनी फळ देणारा खर्च तिथे एकाच पोत्यात भरलेले असतात. जाहिरातीचा एकूण आकडा मिळतो, संशोधनाचा एकूण आकडा संचालकांच्या अहवालात द्यावाच लागतो. पण आहे ती विक्री टिकवायला किती गेलं आणि नव्या गोष्टीवर किती, हे कोणी सांगत नाही. व्यवस्थापनाला ते माहीत असतं, अंदाजपत्रक त्यावरच बनतं. तेच विभाजन तळटिपेत द्या, सलग पाच वर्षांचं. वाचणारा आपला हिशेब मांडेल.

दुसरी मागणी आणखी साधी. गुडविल तपासताना कंपनी पुढच्या वाढीचे अंदाज धरते. तीन वर्षांपूर्वी काय अंदाज धरला होता आणि प्रत्यक्ष काय झालं, एवढे दोन रकाने शेजारी छापावेत. हे सुचवलं की कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं: स्पर्धकांना माहिती मिळेल. मागच्या वर्षांच्या चुकलेल्या अंदाजातून स्पर्धकाला काय मिळणार, हे मला अजून कळलेलं नाही.

वार्षिक अहवालात हे सगळं कुठे पाहायचं?

ताळेबंदात ‘गुडविल’, ‘इतर अमूर्त मालमत्ता’ आणि ‘विकासाधीन अमूर्त मालमत्ता’ अशा तीन ओळी असतात. तिसरीकडे आधी जा. २०२१ पासून तिच्याखाली वयाचा तक्ता द्यावा लागतो: एक वर्षाच्या आतलं, एक ते दोन, दोन ते तीन, तीनहून जुनं. शेवटच्या रकान्यात मोठी रक्कम वर्षानुवर्षं पडून असेल तर तो प्रकल्प बहुधा व्यवस्थापनाखेरीज सगळ्यांनी सोडून दिलेला असतो. मग ऑडिटरच्या अहवालात ‘प्रमुख लेखापरीक्षण बाबी’ वाचा. गुडविलची तपासणी तिथे असेल, तर कोणत्या गृहीतकांवर त्यांना जास्त वेळ घालवावा लागला हे कळतं.

आमची छोटी कंपनी आहे. डेव्हलपरांचे पगार मालमत्तेत टाकावेत का?

अटी पूर्ण असतील तर एएस २६ मध्येही टाकावे लागतात, पण त्यासाठी कोणी कोणत्या कामावर किती तास दिले याची नोंद त्या त्या महिन्यातच ठेवलेली हवी. मार्च संपल्यावर आठवून भरलेली टाइमशीट ऑडिटर ओळखतो. एकदा खर्चात टाकलेली रक्कम पुढे उत्पादन चाललं म्हणून मालमत्तेत परत आणता येत नाही. विक्री, प्रशिक्षण आणि ऑफिसचा सर्वसाधारण खर्च यात धरायचा नाही.

आणि हे फक्त बँकेला चांगला ताळेबंद दाखवण्यासाठी करत असाल तर आधी बँकेच्या कर्ज अधिकाऱ्याशी बोला. कर्जाचा प्रस्ताव तपासताना बँका साधारणपणे निव्वळ संपत्तीतून अमूर्त मालमत्ता आधीच वजा करतात.